पाच कामट्या आणि उलटलेला नकाशा

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत ओलावा मोजणारे सेन्सर बसू लागले आहेत. कोणता सेन्सर नेमका कुठे, असं विचारलं की उत्तर येतं, ‘मोबाइलचं जीपीएस आहे की!’ पण ते मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर चुकू शकतं. दोन ओळींत अंतर जेमतेम तीन मीटर. नोंद शेजारच्या ओळीवर पडते आणि पाण्याचा भलताच व्हॉल्व्ह उघडतो.

त्यापेक्षा सेन्सरांनीच एकमेकांतली अंतरं मोजावीत. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जाते; एकाने साद द्यायची, दुसऱ्याने ओ द्यायची आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर काढायचं. ओ द्यायला 1 मिलिसेकंद लागला आणि दोघांच्या घड्याळांच्या गतीत दशलक्षात 20 भागांचा फरक असला, तर अंतर 3 मीटरने चुकतं. म्हणून उलटी फेरीही मोजतात: साद दुसऱ्याची, ओ पहिल्याची. मग ही चूक जवळजवळ नाहीशी होते. मांडवाच्या तारांवरून वळून आलेल्या लहरीची चूक मात्र सरासरीने जात नाही, कारण ती अंतर नेहमी वाढवूनच दाखवते.

आता खरी गंमत. बांबूच्या चार कामट्या टोकांना खिळे मारून जोडा; खिळा म्हणजे सेन्सर, कामटी म्हणजे मोजलेलं अंतर. चौकोन डुगडुगतो. पाचवी कामटी कर्णावर मारली की घट्ट होतो. सपाटीवर बिंदू n असतील तर आकार घट्ट व्हायला किमान 2n−3 अंतरं लागतात आणि तीही नीट पसरलेली. 4 बिंदूंना 5, 10 सेन्सरांना 17. पण घट्ट म्हणजे एकमेव नव्हे! कर्णावरचा एक त्रिकोण वहीच्या पानासारखा दुसऱ्यावर उलटवा. पाचही लांब्या त्याच, आकार वेगळा. सहावं, म्हणजे दुसऱ्या कर्णाचं, अंतर मोजलं तरच निकाल लागतो.

हीच चूक बागेत मोठ्या प्रमाणावर होते. अंतरांवरून नुसता आकार कळतो; तो जमिनीवर बसवायला, ज्यांची जागा पक्की ठाऊक आहे असे तीन खांब लागतात, आणि सोयीचं म्हणून तिन्ही रस्त्याकडच्या बांधावर एका रेषेत रोवले जातात. मग अख्खी बाग बांधापलीकडे उलटली तरी सगळी अंतरं जुळतात. खांब रेषेपासून थोडेच सरकवले तर मोजणीतली लहानशी चूकही नकाशा उलटवायला पुरते. तिसरा खांब बागेच्या पार पलीकडच्या टोकालाच हवा.

नकाशा झाला की गणितात न घेतलेलं एखादं अंतर टेपने मोजून ताडून पाहावं. फरक अर्ध्या मीटरहून जास्त निघाला, तर त्या दोन सेन्सरांच्या मध्ये पाण्याची टाकी किंवा पत्र्याची शेड आली आहे का, ते आधी बघावं.