नियम दिल्लीच्या थंडीतला, फूटपाथ मुंबईचा

मुंबईत बेघर किती, याचं सरकारी उत्तर अजूनही २०११ च्या जनगणनेतलंच आहे: सुमारे ५७ हजार. हे मोजमाप २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत उरकलं होतं. उघड्यावर, पदपथावर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर झोपलेला माणूस त्यात धरला गेला. चार बांबूंवर पत्रा टाकलेला माणूस झोपडीवाला म्हणून वेगळ्या रकान्यात गेला. त्या रात्री बाजारात हमालीला किंवा लग्नाच्या मंडपात वाढप्याच्या कामाला गेलेला सहज सुटू शकतो. पोलिसांनी आदल्या दिवशी हुसकावलं असेल, तर अख्खा रस्ताच मोजणीतून गळतो. निवाऱ्यांचं नियोजन करताना मात्र हाच आकडा समोर असतो.

निवाऱ्याच्या आधी कायदा आला तो उचलून नेण्याचा. १९४५ चा मुंबईचा भिकारी कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा. यात भिकारी म्हणजे केवळ हात पसरणारा नव्हे. उपजीविकेचं दिसण्यासारखं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा किंवा थांबणाराही त्यात येऊ शकतो. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्याची प्रमुख कलमं दिल्लीपुरती रद्द केली, पण त्या निकालाने महाराष्ट्रातला कायदा हलला नाही.

दुसरं हत्यार मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातलं कलम ३१४. रस्त्यावरचा अडथळा नोटीस न देता हटवण्याचा अधिकार त्यातून आयुक्तांना मिळतो. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फूटपाथवरच्या लोकांना उठवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली, तेव्हा ते वापरलं गेलं. भर पावसात. २३ जुलैला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेलगतच्या एका कुटुंबाचा निवारा पाडून त्यांना सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आलं. दुष्काळामुळे तमिळनाडूतून आलेला हा माणूस दहिसरच्या एका रसायन कंपनीत २३ रुपये रोजावर काम करत होता आणि फूटपाथवरच्या प्लॅस्टिक-कापडाच्या आडोशासाठी त्याने एका दादाला २,५०० रुपये मोजले होते. या कारवाईविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत तो होता. दुसरा एक याचिकाकर्ता संगमनेरचा चर्मकार. गावातलं घर पडलं आणि तो मुंबईत बदली कामगार झाला. फूटपाथ फुकट नसतो आणि तिथले लोक रिकामटेकडे नसतात, हे न्यायालयाच्या कागदावर आलं ते असं.

या याचिकांवरचा, पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जाणारा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यातलं वाक्य आजही भाषणांत ऐकू येतं. त्याच निकालाने कलम ३१४ वैध ठरवलं, हे सांगायचं राहून जातं. पदपथावर राहण्याचा हक्क कुणाला नाही, काढताना सर्वसाधारणपणे नोटीस द्यावी, आणि या लोकांना ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत हलवू नये, असा तो हिशोब होता. १९७६ च्या झोपडपट्टी गणतीत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यायची होती. म्हणजे तिथेही निर्णायक ठरला तो कागदच.

याच सुमारास भायखळ्यात स्पार्क या संस्थेने फूटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली आणि तिथल्या बायकांनी महिला मिलन उभं केलं. रोज दारोदार फिरून बचत गोळा करायची, कुटुंबांची यादी स्वतः ठेवायची, ही त्यांची पद्धत. पुढे १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पदपथावरच्या झोपड्याही पात्र धरल्या गेल्या, याला अशा याद्यांचा मोठा आधार होता. पण अट होती १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या बांधकामाची आणि मतदार यादीतल्या नावाची. रात्री ताडपत्री टाकून पहाटे गुंडाळणाऱ्याकडे बांधकाम कुठलं? घरांचा रस्ता झोपडीवाल्यांसाठी उघडला आणि खरे उघड्यावरचे लोक निवाऱ्याच्या रांगेत उरले.

त्या निवाऱ्याचा नियम आला दिल्लीहून. डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या पुसा रोडच्या चौकातला तात्पुरता रात्र निवारा महापालिकेने कडाक्याच्या थंडीत पाडला. अन्न अधिकाराच्या खटल्यात न्यायालयानेच देखरेखीसाठी नेमलेल्या आयुक्तांनी जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी आदेश मोठ्या शहरांना लागू झाला: दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा, चोवीस तास, बारा महिने. सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने त्याची योजना केली. माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास-न्हाणी, स्वयंपाकाची सोय, प्रथमोपचार, एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीला तीन काळजीवाहक.

आता गणित मांडू. सव्वा कोटीच्या मुंबईला सुमारे १२५ निवारे लागतात. सगळे उभे राहिले आणि गच्च भरले तरी साडेबारा हजार माणसं, म्हणजे सरकारी आकड्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. शंभर जणांना लागणारी ५,००० चौरस फूट जागा दादर किंवा भायखळ्यात मिळवून दाखवणं वेगळंच. चालवण्याचा खर्च योजनेत ५० जणांच्या निवाऱ्याला वर्षाला ६ लाख धरला होता, तोही पाच वर्षांपुरता. महिन्याचे ५० हजार चार कर्मचाऱ्यांत वाटले तर प्रत्येकी साडेबारा हजार होतात आणि वीजबिल, साबण, चादरी धुण्याला दमडी उरत नाही. पैसे हप्त्याने आणि उशिरा आले की चालवणारी संस्था आधी रात्रीचा काळजीवाहक कमी करते. नेमकी रात्रीच त्याची गरज असते.

पण मुख्य चूक पैशाची नाही, आराखड्याची आहे. हा नियम थंडीत कुडकुडणाऱ्या एकट्या पुरुषाला डोळ्यापुढे ठेवून केलेला आहे. मुंबईत थंडीने फारसं कुणी मरत नाही. इथला शत्रू पाऊस आणि अतिक्रमण हटवणाऱ्यांची गाडी. शिवाय इथे फूटपाथवर दोन-तीन पिढ्यांची कुटुंबं आहेत. पुरुषांच्या निवाऱ्यात नवरा, बायकांच्या निवाऱ्यात बायको आणि बारा वर्षांचा मुलगा कुठे, हे कुणी सांगत नाही. मुंबईत सुरुवातीला उघडलेले निवारे बहुतेक लहान मुलांसाठी होते. गजरे विकणारी बाई सिग्नलपासून, नाक्यावरचा बिगारी नाक्यापासून लांब गेला की दिवसाचा खाडा होतो. कचरा वेचणाऱ्याची गोणी आत घेत नाहीत आणि बाहेर ठेवली तर सकाळी मिळत नाही. म्हणून निवारा रिकामा राहतो आणि कागदावर शेरा पडतो: ‘लाभार्थी येण्यास अनुत्सुक’.

कागदांचा गुंता याहून जुना. गाडी सामान उचलते तेव्हा पिशवीतलं रेशनकार्ड आणि मुलाचा जन्मदाखलाही जातो. मतदार नोंदणीत बेघरांसाठी सोय आहे: नमुना ६ भरायचा, मग बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, रात्री त्या जागी जाऊन माणूस खरंच तिथे झोपतो का हे एकाहून अधिक रात्री पाहायचं. खात्री पटली तर पत्त्याचा पुरावा लागत नाही. व्यवहारात रात्री कुणी येत नाही, अर्ज पडून राहतो. पाठपुरावा करणाऱ्या संस्था म्हणूनच पुलाचं नाव, खांबाचा क्रमांक, समोरचं दुकान असा ठिकाणाचा तपशील अर्जातच लिहितात. पारध्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आज्याला गावात टिकूच दिलं नाही, त्यांनी तो आणायचा कुठून?

२०१६ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली, निवाऱ्यांचा निधी पडून का राहतो हे तपासायला. पुढे राज्यवार समित्याही झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाचा सूरही बदलता राहिला. जुलै २०२१ मध्ये बेघरांना तीन वेळचं जेवण मागणारी याचिका निकाली काढताना त्यांनीही काम करावं असं म्हटलं गेलं. मार्च २०२३ मध्ये फाउंटन परिसरातल्या पदपथवासीयांबद्दल वकील संघटनेची तक्रार आली, तेव्हा दुसऱ्या खंडपीठाने विचारलं की त्यांना शहराबाहेर फेकायचं का.

उपजीविका अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ च्या जनगणनेत, पुन्हा एका रात्रीची. ती नीट व्हायची तर वॉर्डवार झोपण्याच्या जागांची यादी महिनाभर आधी हवी, रात्रपाळीच्या लोकांसाठी दुसरी फेरी हवी, आणि त्या आठवड्यात अतिक्रमण विभागाच्या गाड्या डेपोत उभ्या हव्यात.