मल्टिपल स्क्लेरोसिस आणि विषाणू : एका जुन्या संशयाची पार्श्वभूमी

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मेंदूतील आणि मज्जारज्जूतील तंतूंवर असलेले मायलिन नावाचे आवरण नष्ट करू लागते. आवरण कुठे गेले त्यावर लक्षणे ठरतात. कुणाची एका डोळ्याची दृष्टी काही आठवडे अंधुक होते, कुणाच्या पायांत मुंग्या येतात, कुणाचा चालताना तोल जातो. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो, स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळतो आणि जगभरात त्याचे सुमारे २८ लाख रुग्ण आहेत. ऐन उमेदीच्या वयात निदान ऐकणारी व्यक्ती डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारते तो ‘मला हे कशामुळे झाले?’ असा. या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग जानेवारी २०२२ मध्ये हाती आला. त्यात ज्या एपस्टाईन-बार विषाणूकडे बोट दाखवले गेले, तो तुमच्या-माझ्या शरीरात जवळजवळ खात्रीने आहे. संशय मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये हा आजार स्वतंत्र रोग म्हणून मांडला. कारणांविषयी बोलताना ते थंडी, ओल आणि दीर्घकाळचे दुःख यांच्यापलीकडे गेले नाहीत. त्यांचे शिष्य प्येर मारी यांनी १८८४ मध्ये, गुरूंच्या हयातीतच, हा आजार संसर्गातून उद्भवतो असे ठामपणे लिहिले. टायफॉइड, गोवर, देवी अशा आजारांनंतर लक्षणे सुरू झालेले रुग्ण त्यांनी पाहिले होते. जंतुशास्त्राच्या त्या उत्साहाच्या काळात यावर एक दिवस लस निघेल, अशी आशाही त्यांना वाटत होती. विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

संशयाला पहिला मोठा अडथळा आला तो रेबीजच्या लसीमुळे, आणि या प्रकरणाचा भारताशी जवळचा संबंध आहे. पाश्चर यांच्या काळापासून ही लस प्राण्यांच्या मेंदू-मज्जारज्जूच्या ऊतींपासून बनत असे. डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे १९११ च्या सुमारास विकसित केलेली लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होत असे. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आपल्याकडे मागच्या पिढीला चांगली आठवत असतील, ती हीच. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. ही लस घेतलेल्यांपैकी थोड्या जणांना पुढे मेंदू-मज्जारज्जूचा दाह होत असे आणि त्यांच्या ऊतींत मायलिन नष्ट झालेले दिसे. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचला, तेव्हा कोणताही विषाणू नसताना तसाच दाह झाला. रिव्हर्स स्वतः विषाणुतज्ज्ञ होते, म्हणून या निष्कर्षाचे वजन मोठे. शरीर स्वतःवर उलटू शकते, हे यातून कळले. पुढची अनेक दशके ‘विषाणू की स्वप्रतिकार’ असा वाद चालला. आज मागे वळून पाहता हा वाद मुळात चुकीचा मांडला गेला असे मला वाटते, कारण एकाने दुसऱ्याला उठवलेले असणे ही शक्यता त्यात दुय्यम ठरली.

दरम्यान भूगोलाकडूनही पुरावे येत होते. आजार विषुववृत्तापासून दूरच्या, थंड प्रदेशांत जास्त होता. दक्षिण आफ्रिकेत जेफ्री डीन यांनी दाखवले की उत्तर युरोपातून प्रौढपणी आलेल्या गोऱ्यांमध्ये तो तिथेच जन्मलेल्या गोऱ्यांपेक्षा अधिक आढळतो. लहानपणी आलेल्यांचा धोका मात्र कमी असे. याच डीन यांच्या सहभागाने १९९० मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात उलट बाजू दिसली. भारतीय उपखंडातून तिथे गेलेल्या आई-वडिलांमध्ये आजार विरळ होता, पण ब्रिटनमध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये तो जवळपास स्थानिकांइतका झाला होता. एका पिढीत रक्त बदलत नाही, बदलते ते बालपण. जनुकांचा वाटा आहेच. कॅनडातील १९८६ च्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असल्यास दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्के होते, तर वेगळ्या जुळ्यांत दोन टक्क्यांच्या आसपास. मुंबईत नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात हा आजार इतर भारतीयांपेक्षा अधिक असल्याचे १९९० मध्ये नोंदवले, तेही याच दिशेने बोट दाखवते. तरी एकसारख्या जुळ्यांपैकी बहुसंख्यांचे भावंड निरोगीच राहिले, ही गोष्ट बाहेरच्या एखाद्या कारणाशिवाय समजावता येत नव्हती.

उत्तर अटलांटिकमधील, डेन्मार्कच्या अधिपत्याखालील फेरो बेटांची कथा याच काळातली. एप्रिल १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य तिथे उतरले आणि १९४३ पासून बेटांवर या आजाराचे रुग्ण दिसू लागले. अमेरिकेचे जॉन कुर्ट्झके आणि डेन्मार्कचे काय ह्युलेस्टेड यांनी १९७९ मध्ये असे मांडले की सैनिकांनी सोबत काहीतरी संसर्गजन्य आणले. आधीचे रुग्ण नोंदलेच गेले नसावेत, असा आक्षेप लगेच आला आणि तो पूर्ण खोडला गेला नाही.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची सूचना १९६३ ची आहे. ब्रिटनमध्ये पॉस्कान्झर, शापिरा आणि मिलर यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसची तुलना पोलिओशी केली. जिथे स्वच्छता कमी, तिथे पोलिओचा विषाणू तान्ह्या वयातच गाठतो आणि बहुतेक वेळा पांगळेपण न आणता निघून जातो. स्वच्छ वस्तीत तो उशिरा गाठतो आणि तेव्हा घात करतो. याच न्यायाने हाही आजार एखाद्या सर्वत्र पसरलेल्या जंतूची उशिरा झालेली लागण असेल का, असा त्यांचा प्रश्न होता. ‘कोणता विषाणू’ याच्या जोडीला ‘कोणत्या वयात’ हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. पण संशोधकांचे लक्ष पहिल्यावरच खिळून राहिले.

त्यामुळे संशयितांची रांग लांबत गेली. १९६२ मध्ये अॅडम्स आणि इमागावा यांना रुग्णांत गोवराविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) जास्त आढळली. गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी मुलांचा मेंदू नासवणारा एक दुर्मीळ आजार त्याच विषाणूमुळे होतो हे लवकरच सिद्ध झाल्याने त्या शोधाला बळ मिळाले. नंतर दिसले की रुग्णांच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात गोवर, रुबेला आणि कांजिण्या अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे एकत्रच सापडतात, म्हणजे गोवर हा एकटा दोषी नव्हे. कुत्र्यांच्या डिस्टेंपरपासून नागिणीच्या कुळातल्या सहाव्या विषाणूपर्यंत अनेकांची नावे आली आणि मागे पडली. याच संशयापोटी विषाणूंना रोखणारे इंटरफेरॉन रुग्णांवर वापरून पाहिले गेले आणि १९९३ मध्ये बीटा इंटरफेरॉन हे या आजाराचे अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले मोठे औषध ठरले. ते उपयोगी पडते ते मुख्यतः प्रतिकारयंत्रणेला आवर घालून, असे आज मानले जाते.

खरा संशयित १९६४ मध्येच सापडला होता, पण कर्करोगाच्या शोधात. युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट यांनी मुलांच्या जबड्यात होणाऱ्या गाठींचे नमुने लंडनला अँथनी एपस्टाईन यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली होती. डिसेंबर १९६३ मधला एक नमुना धुक्यामुळे विमान मँचेस्टरकडे वळवल्याने उशिरा पोहोचला आणि त्यातला द्रव गढूळ झाला होता. जिवाणू शिरले असतील म्हणून तो फेकून दिला जाण्याचीच शक्यता होती. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र गाठीपासून सुट्या झालेल्या जिवंत पेशी दिसल्या, त्या वाढवता आल्या आणि पुढे त्यांत एपस्टाईन, इव्हॉन बार व बर्ट अचाँग यांना नवा विषाणू दिसला.

फिलाडेल्फियात वर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या विषाणूवर काम करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ तरुणीच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे नव्हती. १९६७ मध्ये तिला ताप आला, घसा धरला, मानेच्या गाठी सुजल्या, आणि त्यानंतर तिच्या रक्तात ती प्रतिपिंडे आली. ताप आणि सुजलेल्या गाठींच्या या आजाराचे, म्हणजे ग्रंथिज्वराचे, कारण असे उलगडले. आजाराआधीचे आणि नंतरचे, असे दोन्ही वेळचे रक्त हाती असल्यामुळेच हे शक्य झाले, हे इथे विसरता कामा नये.

कारण मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत नेमके तेच हाती नव्हते. १९८० च्या सुमारास रुग्णांत या विषाणूची प्रतिपिंडे जास्त असल्याचे दिसले, तारुण्यात ग्रंथिज्वर झालेल्यांना धोका दुपटीहून अधिक असल्याचेही पुढे कळले. पण प्रौढांपैकी सुमारे ९५ टक्क्यांना त्याची लागण झालेलीच असते. जवळपास सगळ्यांकडे असलेली गोष्ट रुग्णाकडेही सापडली, तर त्यातून काय सिद्ध होणार?

ती अडचण अमेरिकी सैन्याच्या रक्तसाठ्याने सोडवली. एचआयव्हीच्या तपासणीसाठी सैनिकांचे रक्त ठरावीक काळाने घेतले जात होते आणि उरलेले गोठवून ठेवले जात होते. हार्वर्डमधील अल्बर्टो आशेरिओ, शेटिल ब्योर्नेविक आणि सहकाऱ्यांनी एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदींतून ८०१ रुग्णांचे जुने नमुने मिळवले. त्यांपैकी ३५ जणांना सुरुवातीला लागण नव्हती, आणि त्यांतल्या ३४ जणांना ती आजार सुरू होण्यापूर्वी झाली. धोका ३२ पटींनी वाढलेला आढळला. अशाच रीतीने पसरणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूबाबत तसे काही दिसले नाही, आणि मज्जातंतूंच्या हानीचे रक्तातील चिन्हही लागणीनंतरच वर गेले. एका तंत्रज्ञ तरुणीच्या रक्तावरून जे कळले होते, त्याच पद्धतीचे हे विराट रूप होते. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या गटाने या विषाणूच्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मेंदूतील ग्लिअलकॅम या प्रथिनालाही चिकटतात असे दाखवले, मात्र ती सुमारे २० ते २५ टक्के रुग्णांतच मिळाली. हा विषाणू प्रतिकारयंत्रणेतील बी-पेशींत आयुष्यभर दडून राहतो, आणि २०१७ पासून वापरात असलेले ओक्रेलिझुमॅब हे औषध बी-पेशींनाच हटवून आजाराची झडप कमी करते. तरीही लागण झालेल्या असंख्य लोकांपैकी मोजक्यांनाच हा आजार का होतो, याचा उलगडा एकट्या विषाणूने होत नाही.

आता प्येर मारी यांच्या मनातल्या लसीच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. २०२२ मध्येच मॉडर्ना कंपनीने आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या विषाणूविरुद्धच्या लसींच्या प्राथमिक चाचण्या हाती घेतल्या. पाश्चात्त्य देशांत बऱ्याच मुलांना लागण किशोरवयात होते, म्हणून तिथे शाळकरी वयात लस देणे पुरू शकेल. भारतात बहुतेक मुलांना हा विषाणू शाळेत जाण्यापूर्वीच, घरच्यांच्या लाळेतून, उष्ट्या घासातून मिळालेला असतो. त्यामुळे इथे लस द्यायची झाली, तर ती गोवराच्या लसीसारखी अगदी पहिल्या एक-दोन वर्षांतच टोचावी लागेल.