एका वाढप्याची पंगत : सी भाषेतल्या वेब सर्व्हरची पार्श्वभूमी

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९९० च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांच्याकडे नेक्स्ट कंपनीचा एक काळा संगणक होता. त्यावर चिकटवलेल्या कागदावर लाल शाईत बजावलेलं होतं की हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका. जगातला पहिला वेब सर्व्हर तो हाच, आणि त्यावरचा प्रोग्राम सी मध्ये लिहिलेला होता. त्याला काम तरी किती असावं? ब्राउझरने ‘गेट’ हा शब्द आणि पानाचा पत्ता एवढी एक ओळ पाठवायची. सर्व्हरने फाइल उघडायची, आहे तशी ओतायची आणि कनेक्शन तोडायचं. हेडर (सोबतच्या माहितीच्या ओळी) नाहीत, स्टेटस कोड (विनंतीचं काय झालं ते सांगणारे आकडे) नाहीत. टेलनेट हा मजकूर पाठवण्याचा साधा प्रोग्राम उघडून ती ओळ हाताने टाइप केली तरी पान यायचं.

आज कुणी सी मध्ये वेगवान सर्व्हर लिहायला बसला तर त्याच्यापुढे एचटीटीपी/१.१, एचटीटीपी/२, एचटीटीपी/३, क्विक आणि टीएलएस १.३ एवढ्या प्रोटोकॉलचं (संगणकांच्या बोलण्याच्या, वाहतुकीच्या आणि कुलूपबंदीच्या नियमांचं) ताट वाढलेलं असतं. मधल्या पस्तीस वर्षांत हा सर्व्हर तीन-चारदा मुळापासून नव्याने लिहिला गेला. भाषा तीच राहिली. पण आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर (यंत्राची साधनं वाटून देणाऱ्या तिच्या गाभ्यावर) सोपवलेली कामं सर्व्हर एकेक करून स्वतःच्या अंगावर घेत गेला. ही गोष्ट मुख्यतः त्या हस्तांतराची आहे.

सुरुवातीला सगळा भार कर्नलवर होता. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅककूल यांनी लिहिलेला एचटीटीपीडी हा सर्व्हर ९० च्या दशकाच्या पूर्वार्धात सर्वांत लोकप्रिय होता. त्याची पद्धत साधी होती. नवा पाहुणा, म्हणजे पान मागणारा ब्राउझर, आला की ‘फोर्क’ करून स्वतःची एक प्रत काढायची आणि पाहुणा त्या प्रतीच्या हवाली करायचा. प्रत निवांत वाचते, लिहिते, थांबते. कुणाला कधी जागं करायचं ते कर्नल बघतो. लिहायला सोपं, समजायला सोपं. १९९४ मध्ये मॅककूल एनसीएसए सोडून गेले आणि सर्व्हर पोरका झाला. ठिकठिकाणचे वेबमास्टर आपापली ठिगळं एकमेकांना पाठवू लागले आणि त्यातून १९९५ मध्ये अपाची उभा राहिला. त्याच वर्षी रॉबर्ट थाऊ यांनी त्याची रचना नव्याने बांधली. त्या कामाचं टोपणनाव होतं ‘शंभाला’. हिमालयापलीकडच्या त्या काल्पनिक नगरीचं नाव अमेरिकेतल्या सर्व्हरला कसं सुचलं देव जाणे, पण त्यातली एक कल्पना आजही जिवंत आहे. प्रत्येक विनंतीसाठी मेमरीचा एक साठा धरायचा, लागेल तसे त्यातून तुकडे घ्यायचे आणि विनंती संपली की अख्खा साठा एकदम सोडून द्यायचा. तुकड्या-तुकड्याने मेमरी परत करायला विसरणं हा सी लिहिणाऱ्यांचा जुना रोग. त्यावर हा उतारा लागू पडला.

अपाचीने प्रती आधीच काढून ठेवल्या, म्हणजे दर वेळी फोर्क करण्याचा खर्च वाचला. पण एका पाहुण्यामागे एक प्रोसेस (सर्व्हरची एक चालू प्रत) हे गणित कायम राहिलं. अडचण होती ती संथ पाहुण्यांची. ५० किलोबाइटचं पान ५६ किलोबिटच्या मोडेमवरून उतरायला सात सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ काही मेगाबाइट मेमरी अडवून एक प्रोसेस नुसती उभी. पंगतीत प्रत्येक पानासमोर एक वाढपी उभा करावा आणि पाहुणा हात धुवेपर्यंत त्याने हलू नये, तसा हा प्रकार. दहा-वीस पानांच्या घरगुती कार्याला चालेल, लग्नाला नाही.

१९९९ मध्ये डॅन केगेल यांनी ही अडचण एका प्रश्नात मांडली आणि तिला नाव दिलं ‘सी१०के’, म्हणजे एकाच वेळी दहा हजार पाहुणे. नावातला ‘सी’ म्हणजे सी भाषा नव्हे. त्यांनी पुढे अद्ययावत केलेला हिशेब मला आजही वाचनीय वाटतो. साधारण १,२०० डॉलरमध्ये १,००० मेगाहर्ट्‌झचं, दोन गिगाबाइट मेमरीचं आणि गिगाबिट नेटवर्कचं यंत्र मिळतं. त्यावर वीस हजार जण बसवले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलोहर्ट्‌झ, १०० किलोबाइट आणि सेकंदाला ५० किलोबिट येतात. फाइल उचलून पाठवायला एवढं पुरेसं असायला हवं. मग घोडं कुठे पेंड खातं? दोष यंत्राचा नाही, आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा आहे, हे त्या हिशेबाने उघडं पाडलं.

उत्तर माहीत नव्हतं असं नाही. एकाच वाढप्याने पूर्ण पंगत सांभाळायची. त्यासाठी ‘सिलेक्ट’ हा सिस्टिम कॉल (कर्नलकडे करायची मागणी) १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सपासून होता. पण सिलेक्टचा वाढपी दर फेरीला प्रत्येक पानाशी थांबून ‘काही हवंय का?’ विचारतो. दहा हजारांतल्या पाच जणांनाच आमटी हवी असली तरी विचारायचं मात्र दहा हजारांना. शिवाय बहुतेक सिस्टिमवर त्याची यादी १,०२४ ला संपायची. खरी सुटका झाली ती कर्नल बदलल्यावर. २००० मध्ये फ्रीबीएसडीत जोनाथन लेमन यांचं ‘केक्यू’ आलं. लिनक्सवर दाविदे लिबेन्झी यांचं ‘ईपोल’ २००२ मध्ये प्रायोगिक कर्नलमध्ये शिरलं आणि २००३ च्या डिसेंबरात लिनक्सच्या २.६ या आवृत्तीबरोबर सर्वांना मिळालं. आता ज्याला हवं तोच हाक मारतो आणि वाढपी फक्त हाकांची यादी बघतो.

याची किंमत प्रोग्रामरने मोजली. प्रत्येक पाहुणा कुठवर आला होता, अर्धी ओळ वाचून झाली होती की हेडर संपले होते, किती बाइट पाठवायचे राहिले, हे आधी प्रोसेसच्या स्टॅकमध्ये (चालू कामाच्या नोंदींच्या मेमरीत) आपोआप लक्षात राहायचं. आता ती सगळी वही सर्व्हरने स्वतः लिहायची. हे पहिलं मोठं हस्तांतर.

रशियातल्या रॅम्बलर या पोर्टलमध्ये सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असलेले इगोर सिसोएव तोवर अपाचीलाच जोडायचं ‘मॉड-अ‍ॅक्सेल’ लिहून मोकळे झाले होते. २००२ मध्ये त्यांनी नवा सर्व्हर हाती घेतला आणि ४ ऑक्टोबर २००४ रोजी तो जाहीर केला. स्पुटनिक उडालं त्याच तारखेला. तो एंजिनएक्स. एक मुख्य प्रोसेस, तिच्या हाताखाली प्रोसेसरच्या गाभ्यांइतके कामगार, आणि प्रत्येक कामगार हजारो कनेक्शन एकटा सांभाळणारा. दहा हजार निष्क्रिय कनेक्शनना सुमारे अडीच मेगाबाइट मेमरी लागते, असं त्याचं अधिकृत संकेतस्थळ सांगतं. अपाचीच्या एखाद्या प्रोसेसला लागायची तेवढी! सुरुवातीची कागदपत्रं फक्त रशियनमध्ये होती, तरी लोकांनी अडखळत वाचून ती वापरली.

एंजिनएक्सचं सी वाचण्यासारखं आहे. ‘गेट’ ही पद्धत ओळखायला तो अक्षरामागून अक्षर बघत बसत नाही. इंग्रजीतली तीन अक्षरं आणि पुढची मोकळी जागा असे चार बाइट एकत्र उचलून, त्यांना ३२ बिटांचा एक पूर्णांक समजून, एका तुलनेत निकाल लावतो. भाषा मेमरीच्या इतक्या जवळ नेते म्हणून हे जमतं. मेमरीचे साठे मात्र शंभालाच्या वळणाचेच.

एक दुखणं उरलं होतं, ते डिस्कचं. सॉकेटसाठी, म्हणजे पाहुण्याशी जोडणाऱ्या नेटवर्कच्या टोकासाठी, हाक येते, पण फाइल मेमरीत नसेल तर ‘रीड’ म्हटल्यावर कामगार कोठीघरात अडकतो आणि पंगत खोळंबते. राइस विद्यापीठातल्या विवेक पै, पीटर ड्रुशेल आणि विली झ्वेनपोएल यांनी १९९९ मध्येच ‘फ्लॅश’ या सर्व्हरमध्ये यावर तोड काढली होती. कोठीघरात जायला वेगळे मदतनीस ठेवायचे. (ब्राउझरमध्ये ॲनिमेशन दाखवणाऱ्या फ्लॅशशी याचा संबंध नाही.) एंजिनएक्समध्ये असे मदतनीस थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामं) आले २०१५ मध्ये. माहीत असलेली युक्ती रोजच्या वापरात यायला सोळा वर्षं लागावीत, हे संगणकशास्त्रात फार नवलाचं नाही.

सर्व्हर सुधारले तोवर अडथळा प्रोटोकॉलमध्येच सरकला होता. एचटीटीपी/१.१ मध्ये एका कनेक्शनवर एका वेळी एकच उत्तर चालतं. ब्राउझर म्हणून प्रत्येक साइटला सहा-सहा कनेक्शन उघडत. गूगलमधल्या माइक बेल्शी आणि रॉबर्टो पिऑन यांनी २००९ च्या नोव्हेंबरात ‘स्पीडी’ मांडला. एकाच कनेक्शनवर अनेक प्रवाह, सगळं बायनरी, हेडर आवळलेले. २०१२ च्या ‘क्राइम’ हल्ल्याने हेडर आवळण्याची ती रीत असुरक्षित ठरवली, म्हणून ‘एचपॅक’ नावाची वेगळी रीत घडवावी लागली, आणि मे २०१५ मध्ये एचटीटीपी/२ हे मानक आरएफसी या इंटरनेट दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ७५४० म्हणून प्रसिद्ध झालं. टेलनेटवर हाताने टाइप करण्याचे दिवस तिथे संपले. कोणत्या प्रवाहाचा तुकडा आधी पाठवायचा हेही आता सर्व्हर ठरवणार होता. हे दुसरं हस्तांतर.

बहुतेकांनी जुन्या सर्व्हरला एचटीटीपी/२ चा मजला चढवला. अपाचीने त्यासाठी तात्सुहिरो त्सुजिकावा यांची ‘एनजीएचटीटीपी२’ ही सी लायब्ररी घेतली. जपानच्या डीएनए कंपनीत काम करणाऱ्या कझुहो ओकु यांनी मात्र पाया नव्याने खणला. ओकु म्हणजे पाम हातसंगणकासाठी वेब ब्राउझर लिहिलेला माणूस. तुटपुंज्या यंत्रातून काम काढून घेण्याची सवय जुनी. त्यांचा ‘पिकोएचटीटीपीपार्सर’ इंटेल प्रोसेसरच्या एसएसई ४.२ सूचनांनी हेडरचे सोळा-सोळा बाइट एका दमात तपासतो. त्याच्या भोवती २०१४ च्या अखेरीस ‘एच२ओ’ हा सर्व्हर आला.

एच२ओचं माझ्या मते मोठं योगदान वेगापेक्षा क्रमाचं आहे. समजा सर्व्हरने एका मोठ्या चित्राचे बाइट कर्नलच्या बफरमध्ये (पाठवायच्या रांगेत) भराभरा ओतले आणि तेवढ्यात ब्राउझरने सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारी फाइल) मागितलं. प्रोटोकॉल म्हणतो सीएसएस आधी द्या, पण चित्र आधीच रांगेत पुढे गेलंय. एच२ओ कर्नलला विचारून टीसीपीची (बाइट क्रमाने पोचवणाऱ्या वाहतूक प्रोटोकॉलची) स्थिती जाणून घेतो आणि आत्ता रवाना होईल तेवढंच बफरमध्ये टाकतो, म्हणजे ऐनवेळी आलेल्या महत्त्वाच्या मागणीला जागा राहते. उलट ‘सेकंदाला इतक्या लाख विनंत्या’ छापाचे आकडे बहुधा एकाच खोलीतल्या दोन यंत्रांत मोजलेले असतात. मोबाइलवर पान उघडायची वाट बघणाऱ्याला त्यातून फारसं मिळत नाही.

तरीही टीसीपीचं एक शेपूट उरलंच. एक पॅकेट हरवलं की मागचे सगळे प्रवाह थांबतात, त्या पॅकेटशी त्यांचा संबंध असो वा नसो. बोरघाटात एक ट्रक आडवा झाला की मागे पुण्याची, साताऱ्याची, सोलापूरची सगळीच वाहनं अडकतात, तसं. टीसीपी सुधारायचा तर जगभरचे कर्नल आणि मधली उपकरणं बदलायला हवीत. म्हणून गूगलच्या जिम रॉस्किंड यांनी २०१२ च्या सुमारास त्याला वळसा घातला. यूडीपी या पोचण्याची हमी न देणाऱ्या साध्या प्रोटोकॉलवर, कर्नलच्या बाहेर, नवा वाहतूक प्रोटोकॉल लिहिला. तो क्विक. जना अय्यंगार आणि मार्टिन थॉमसन यांच्या संपादनाखाली मे २०२१ मध्ये तो आरएफसी ९००० झाला, आणि जून २०२२ मध्ये त्यावर बसणारा एचटीटीपी/३ आरएफसी ९११४ म्हणून आला.

तिसरं हस्तांतर सर्वांत जड. हरवलेलं पॅकेट ओळखणं, पुन्हा पाठवणं, गर्दी बघून वेग आवरणं, हे सगळं आता सर्व्हर लिहिणाऱ्याचं काम. गूगलच्याच २०१७ च्या शोधनिबंधानुसार सुरुवातीला क्विकला सर्व्हरवर टीसीपी-टीएलएसच्या साडेतीन पट प्रोसेसर लागत होता. खूप घासूनपुसून तो दुपटीवर आला. कारण उघड आहे. टीसीपीत मोठा बफर एका कॉलमध्ये कर्नलला देऊन टाकता येतो, इथे दीड हजार बाइटच्या आतलं प्रत्येक पॅकेट स्वतः बांधायचं, कुलूपबंद करायचं आणि सोपवायचं. मग गंमत अशी झाली की अंगावर घेतलेल्या कामासाठी पुन्हा कर्नललाच हाक मारावी लागली. लिनक्स ४.१८ मध्ये यूडीपीची अनेक पॅकेटं एका कॉलमध्ये देण्याची सोय आली. फास्टली कंपनीत गेलेल्या ओकुंनी एच२ओसाठी ‘क्विकली’ ही लायब्ररी लिहिली होती. पोचपावत्या कमी करणं, ही घाऊक सोय वापरणं आणि पॅकेट थोडं मोठं करणं, एवढ्यावर ती त्यांच्या चाचणीत टीसीपी-टीएलएसच्या बरोबरीला आली.

सी चं दुसरं तोंडही याच काळात दिसलं. २०१४ च्या एप्रिलमध्ये टीएलएसची कुलूपबंदी करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ दोष उघडकीस आला. समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासल्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे बाहेर जात होते. एंजिनएक्सनेही २०१३ मध्ये स्टॅक ओलांडण्याचा एक दोष दुरुस्त केला होता. क्लाउडफ्लेअर कंपनीने २०२२ मध्ये एंजिनएक्सच्या जागी रस्ट भाषेतला स्वतःचा ‘पिंगोरा’ आणल्याचं जाहीर केलं, त्यामागच्या कारणांत मेमरीची सुरक्षितता होती. पण सगळं खापर सी वर फोडता येत नाही. २०२३ मध्ये एचटीटीपी/२ मधली ‘विनंती करा आणि लगेच रद्द करा’ ही खोडी वापरून गूगलवर सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्यांचा मारा झाला. ती फट प्रोटोकॉलची होती. गो भाषेतल्या सर्व्हरनाही ठिगळं लावावी लागली.

क्विकमध्ये टीएलएस बाहेरून गुंडाळलेलं नसतं, आत विणलेलं असतं. त्यामुळे सी मधल्या सर्व्हरना ओपनएसएसएलची साथ हवी होती आणि तीच नेमकी मिळेना. बोअरिंगएसएसएल या गूगलने काढलेल्या तिच्याच फांदीत असलेला जोडणीचा मार्ग घ्यायला ओपनएसएसएलने नकार दिला आणि स्वतःचं पूर्ण क्विक लिहायला घेतलं. एंजिनएक्स १.२५.० मध्ये मे २०२३ ला एचटीटीपी/३ आलं तेव्हा ते नीट चालवायला बोअरिंगएसएसएल, लिब्रेएसएसएल किंवा ‘क्विकटीएलएस’ ही वेगळी फांदी शोधावी लागायची. ओपनएसएसएलमध्ये सर्व्हरच्या बाजूचं क्विक आलं ते एप्रिल २०२५ च्या ३.५ मध्ये. एच२ओला ही वाट बघावी लागली नाही, कारण त्यासाठी ‘पिकोटीएलएस’ आधीच लिहून तयार होतं. एच२ओ प्रकल्पाने आता क्रमांक लावून आवृत्त्या काढणंही सोडलंय. मुख्य शाखेत गेलेला प्रत्येक बदल वापरायला तयार समजावा, असं ते सांगतात.