कानात काही न घालता पळणं: यात नवीन काय आहे?

हल्ली कुणी हेडफोन न लावता पळायला गेलं की लोक विचारतात, बोअर नाही होत का? जणू काही ही नवीनच टूम आहे. खरं तर उलटंय, गाणी लावून पळणं हेच नवीन आहे.

१९६२ च्या सुमारास न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडियर्ड यांनी ऑकलंडमध्ये साध्यासुध्या, पोट सुटलेल्या लोकांना जॉगिंगला लावलं, ते बघून अमेरिकेचे कोच बिल बॉवरमन भारावले आणि घरी जाऊन त्यांनी तेच सुरू केलं. वेग किती ठेवायचा, तर शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतका. म्हणजे कान मोकळेच, त्यावेळी दुसरा पर्यायही नव्हता म्हणा.

मग १ जुलै १९७९ ला जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन, म्हणजे सोबत नेता येणारा छोटा कॅसेट प्लेयर आला. त्याची एक गंमत फार कमी लोकांना माहितीये. त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि वर एक केशरी बटण, ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि माइकमधून समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं. एकट्यानेच गाणी ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल अशी सोनीच्या अकिओ मोरितांना धास्ती होती. पण लोकांना एकट्यानेच ऐकायचं होतं! पुढच्या मॉडेल्समधून ते बटण गेलं. १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या वुडब्रिज गावाने तर हेडफोन लावून रस्ता ओलांडायला बंदी घातली.

गाण्यांचा फायदा होत नाही असं मी म्हणणार नाही, हलक्या ते मध्यम वेगात दमणूक कमी जाणवते हे अभ्यासात दिसलंय. इथिओपियाचा धावपटू हाइले गेब्रसेलासीने १९९८ मध्ये इनडोअर २००० मीटरचा विक्रम केला तेव्हा स्टेडियममध्ये त्याच्या आवडीचं गाणं लावलेलं होतं. पण १९७७ मध्येच मॉर्गन आणि पोलॉक या संशोधकांनी नोंदवलं होतं की अव्वल मॅरेथॉनपटू पळताना मन दुसरीकडे नेत नाहीत, श्वास, पाय, स्नायू यांच्याकडे लक्ष ठेवतात, आणि मन रमवत पळतात ते आपल्यासारखे. मला स्वतःला गाणी बंद केल्यावर पहिल्यांदा कळलं की दमलो की माझा डावा पाय उजव्यापेक्षा जोरात आपटतो, इतकी वर्षं पत्ताच नव्हता.

नुसतं ऐकण्यासाठी बाहेर पडायचं ही कल्पना मात्र पळणाऱ्यांची नाही. सत्तरच्या दशकात कॅनडात संगीतकार मरी शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावागावांतले, शहरांतले आवाज रेकॉर्ड केले, आणि त्यांच्यातल्याच हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प यांनी १९७४ मध्ये साउंडवॉकवर लेख लिहिला. चालायचं, बोलायचं नाही, ऐकायचं. बास.

शर्यतींमध्ये वाद पेटला तो २००७ ला, अमेरिकेच्या अॅथलेटिक्स संघटनेने हेडफोनवर बंदी घातली तेव्हा. रनर्स भयंकर चिडले, शेवटी ती बंदी फक्त बक्षिसासाठी पळणाऱ्यांपुरती उरली. इंग्लंडमध्ये २०१६ पासून वाहतूक चालू असलेल्या रस्त्यांवरच्या शर्यतींत कान झाकणारे किंवा कानात घालायचे हेडफोन बंद, कान मोकळे ठेवून गालाच्या हाडातून आवाज पोचवणारे चालतात. आणि २०१९ मध्ये अॅपलने एअरपॉड्स प्रोमध्ये बाहेरचे आवाज आत येऊ देणारा ट्रान्सपरन्सी मोड दिला, म्हणजे ते केशरी बटणच फिरून आलं की! त्याच वर्षी युरोपात नियम लागू झाला की इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या मॉडेल्सनी ताशी २० किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज केलाच पाहिजे, नाहीतर रस्त्यावरच्या माणसाला गाडी आलेली कळत नाही. तारीख होती १ जुलै, पहिल्या वॉकमनला बरोब्बर ४० वर्षं झाली तो दिवस.