खनिजाचा टिपर ते कारची खेप

गोव्यातल्या डिचोली, साखळी, उसगाव, सावर्डे या लोहखनिजाच्या पट्ट्यात ज्याच्या दारात एक-दोन ट्रक उभे असतात, त्याच्या धंद्याची रीत ठरलेली होती. खाणीवर भरायचे, जेटीवर ओतायचे, पुढचे नदीतून माल नेणारा बार्जवाला बघेल. भाडे टनावर आणि अंतरावर. वाटेत चार ढेकळे सांडली तरी मालकाला जाब विचारायला कोणी येत नसे. याच घरांतून आता कार वाहतुकीची चौकशी होऊ लागली आहे. ही वेळ का आली, ते गेल्या पंधरा वर्षांत शोधावे लागते.

खनिजाची निर्यात पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या दशकातच वाढली होती आणि मुक्तीनंतर ती आणखी पसरली. पण ट्रकांची खरी झुंबड उडाली ती चीनची मागणी वाढल्यावर. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून जास्त खनिज गेले. त्या दोन-तीन वर्षांत शेतकऱ्यांनी, निवृत्तीचे पैसे हाती आलेल्यांनी, अगदी बायकोचे दागिने गहाण ठेवूनही लोकांनी टिपर, म्हणजे हौदा उचलून माल ओतणारे ट्रक घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणींच्या ८८ लीज रद्द झाल्या आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळे ठप्प. लिलावांनंतर काही खाणी सुरू झाल्या आहेत, पण दारातला टिपर तोवर म्हातारा झाला.

म्हातारा हा शब्द इथे कायद्याच्या अर्थानेही खरा आहे. मे २०१० मध्ये मालवाहू गाडीला परराज्यांत जाण्यासाठी लागणाऱ्या राष्ट्रीय परवान्याची पद्धत बदलली. त्याआधी गृहराज्य धरून किमान चार राज्ये निवडावी लागत आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे भरावे लागत. आता वर्षाला १६,५०० रुपयांच्या एकाच शुल्कात देशभर जाता येते. छोट्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. पण याच नियमांत वयाची अट आहे: साध्या मालवाहू गाडीला बारा वर्षांपर्यंत आणि मल्टी-ॲक्सलला (दोनहून जास्त आसांच्या गाडीला) पंधरा वर्षांपर्यंतच हा परवाना मिळतो. २०११ साली घेतलेला टिपर खाणबंदीत सात-आठ वर्षे उभाच होता, तरी त्याचे वय मोजले गेलेच. शिवाय टिपरची चासी आखूड असते. हौदा काढून वर फळी टाकली की कार कॅरियर झाला, असे होत नाही. बॉडी बदलायची तर आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते, आणि नोंदणीपुस्तकात एक नि रस्त्यावर दुसरे असले तर विमा कंपनीला तेवढेच निमित्त पुरते. म्हणून या धंद्यात शिरायचे तर जुनी गाडी विकून एक-दोन कार बसणारी, सपाट पाठीची फ्लॅटबेड घेणे हाच सरळ मार्ग आहे.

गाडीचा प्रश्न मात्र पैशाने सुटतो. खरा गुंता एका शब्दात आहे: ‘कॉमन कॅरियर’.

१८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी २००७ चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा आला आणि त्याची अंमलबजावणी मार्च २०११ पासून झाली. त्यात पावती देऊन, भाडे घेऊन, कोणाचाही माल गोळा करणारा, ठेवणारा, पाठवणारा, पोचवणारा तो कॉमन कॅरियर, आणि त्याला नोंदणी सक्तीची. आपला ट्रक दुसऱ्या ट्रान्सपोर्टरला भाड्याने देणारा माणूस नुसता गाडीमालक राहतो. खनिजवाल्या ट्रकमालकाला हा फरक कधी कळायची गरजच पडली नाही. त्याने आयुष्यात बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती, फाडली नव्हती.

कार वाहतुकीत मात्र फोन थेट येतो. ‘बंगळूरला बदली झाली, गाडी पाठवायची आहे, किती घ्याल?’ त्याने आकडा सांगितला, पावती दिली, की तो कायद्याच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिथे माल खराब झाला तर तक्रारदाराला त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मात्र पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर, म्हणजे जास्त भरपाईच्या हमीसाठीचे वाढीव भाडे, कबूल केला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहा पटींवर थांबते. समजा भाडे १५,००० आणि कार नऊ लाखांची. कार घाटात दरीत गेली तर कारमालकाच्या हाती कायद्याने दीड लाख. कारवाल्याला हे ठाऊक नसते, आणि बरेच गाडीमालक पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असा शिक्का मारून आपण सुटलो असे समजतात. माझ्या मते दोघांचीही इथे फसगत होते. दहा पटींची मर्यादा कायद्याने दिली आहे, शिक्क्याने नाही. कारची किंमत लिहून घेणे, जादा दर समोर ठेवणे आणि वाहून नेत असलेल्या मालाचा वेगळा विमा काढणे, एवढे केले की भांडण निम्मे संपते. ट्रकचा थर्ड पार्टी विमा वरच्या कारला लागू पडत नाही, हे तर कितीजणांना पहिल्या अपघातानंतरच कळते.

प्रत्यक्ष भरतीच्या वेळी हा फरक डोळ्यांना दिसतो. उसगावच्या एका मालकाला मी कार चढवताना पाहिले. वीस वर्षे लोडरखाली ट्रक लावून बिडी ओढणारा हा माणूस मोबाईलची बॅटरी लावून कारभोवती दोनदा फिरला. डाव्या दाराखालचा जुना ओरखडा, बंपरची चीर, काचेवरचा खड्याचा टिपका, किलोमीटरचा आकडा, सगळे कागदावर उतरवून त्याने कारवाल्याची सही घेतली. पट्टे टायरवरून आवळले, कारण चासीला बांधले तर खड्ड्यागणिक कार स्प्रिंगवर नाचते आणि पट्टा ढिला पडतो. क्लीनरला म्हणाला, ‘अनमोडचा घाट चढलास की थांब, परत ओढून बघ.’

कार वेगळी पाठवण्याची कल्पना इथे पूर्वी फारशी रुळलेली नव्हती. कोकण रेल्वेने रायगडमधल्या कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी १९९९ पासूनच चालवली, पण कारसाठी तशी सोय २०२५ च्या गणेशोत्सवात आली: ४० कारची गाडी, एका कारला ७,८७५ रुपये. पहिल्या फेऱ्यांना प्रतिसाद बेताचाच होता. कोलाडपर्यंत गाडी स्वतः न्यायची आणि तिथे तासन्‌तास आधी हजर राहायचे, हे चाकरमान्याला परवडले नाही. घरापासून घरापर्यंत नेणाऱ्याला जागा उरते ती इथेच.

शोरूमचे काम मात्र छोट्याच्या वाट्याला क्वचित येते. ते मोठ्या ट्रेलरवाल्यांच्या करारांत अडकलेले असते. गोव्यात कार बनत नाही, त्यामुळे नव्या गाड्या आत येतात आणि ट्रेलर रिकामा परततो. छोट्या मालकाची गाठ पडते ती बदलीवाल्यांशी, जुन्या गाड्यांच्या दलालांशी आणि लॉकडाऊननंतर इथे घर घेऊन दिल्ली-मुंबईची गाडी मागवणाऱ्यांशी. त्याचे गणित परतीच्या भाड्यावर बसते. उसगावच्या त्या मालकाने पावतीपुस्तक नव्याने छापून घेतले आहे. त्यात भाड्याच्या रकान्याशेजारी ‘कारची किंमत’ आणि ‘जादा जोखीम दर: हवा / नको’ असे दोन रकाने आहेत, आणि दुसऱ्यावर खूण झाल्याशिवाय तो रॅम्प खाली सोडत नाही.