हनुवटीखालची चार बोटं: समोर बसवून केलेलं पोर्ट्रेट आणि फोटोवरून केलेलं पोर्ट्रेट

"फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, त्यावरनं करा की. माणूस कशाला बसवायला पाहिजे?" कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या माझ्या खोलीत हे वाक्य महिन्यातून चारदा तरी ऐकू येतं. गिऱ्हाईक असं म्हणालं तर मी समजू शकतो. पण आता चित्रकलेची पोरंही तेच म्हणतात. वर सांगतात की दोन्हींत फरक आहे तो फक्त सोयीचा. ज्या गावात चित्रकार आबालाल रहिमान रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी समोर बसून रंगवत होते, त्या गावात हे ऐकायला लागावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फोटोवरून काम कसं चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. फोटो मोठा करून घ्यायचा, चौकटी आखून किंवा प्रोजेक्टर लावून कॅनव्हासवर उतरवायचा, मग रंग. माणूस समोर बसवायचा तर चार-पाच बैठका लागतात. वीस-पंचवीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं पाय मोकळे करायचे, पुन्हा त्याच जागी यायचं. जागा हलू नये म्हणून खुर्चीच्या पायांभोवती मी खडूनं खुणा करून ठेवतो. वेळ जास्त, म्हणून पैसे जास्त. हा फरक इथंच संपला.

समोर बसवलं की जास्त हुबेहूब येतं, असंही काहीजण समजतात. तसं काही नाही. साम्य फोटोवरूनही नीट साधतं, फक्त फोटो लांबून काढलेला हवा. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण पाच इंच मागे असतो. फोन नाकापासून एक फुटावर धरला तर कान सतरा इंचांवर पडतो, म्हणजे नाकाच्या मानानं तो जवळजवळ तीस टक्के लहान उमटतो. सहा फुटांवरून काढला तर हाच फरक सहा-सात टक्क्यांवर येतो. सेल्फीवरून पोर्ट्रेट मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो, ते यासाठी.

आणि कॅनव्हासवर फोटो छापून वर पारदर्शक जेलचे फराटे मारलेली ती वस्तू या तुलनेत येतच नाही. तिच्यात रंगवलेलं काही नसतं. निमंत्रणपत्रिकेवर 'तैलचित्राचे अनावरण' छापायचं आणि पडद्यामागून प्रिंट काढायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याच्या स्मरणार्थ ते लावलं जातं त्या माणसाशीच ते खोटं बोलणं आहे.

आता खरा मुद्दा, सावलीचा.

दोन वर्षांपूर्वी एका तालमीच्या वस्तादांचं काम आलं. वय सत्तरीच्या पुढं, दोन्ही कान मोडलेले, डोक्याला फेटा, अंगात पांढरा नेहरू शर्ट. नातू फोनमध्ये फोटो घेऊनच आला होता. "काका, आजोबा काय एवढा वेळ बसायचे न्हाईत." वस्तादांनी ते ऐकलं. म्हणाले, "बसतो की. आखाड्याच्या कडंला बसून जन्म गेला, हितं बसायला काय हुतंय?" आणि पाच दिवस बसले. माझ्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे, उजेड डावीकडून यायचा. नातवानं त्याच खुर्चीत, त्याच उजेडात त्यांचा आणखी एक फोटो काढला. म्हणून तोच माणूस मला दोन्ही तऱ्हांनी एकाच वेळी बघायला मिळाला.

हनुवटीपासून गळ्यापर्यंतची चार बोटं जागा घ्या. फोटोत तिथं एक काळा डाग होता, काजळी धरल्यासारखा. खुर्चीतल्या वस्तादांकडे बघितलं तर त्याच चार बोटांत तीन रंग होते. जबड्याच्या खालच्या कडेला पांढऱ्या शर्टावरून परतलेला उजेड, फिका तांबूस. मधे दाढीच्या खुंटांमुळे हिरवट करडा. आणि गळ्याच्या घडीत, जिथं कातडी कातडीला टेकते तिथं, तापलेला तांबडा-तपकिरी. सगळ्यात गडद जागा तीच होती, पण तीसुद्धा काळी नव्हती.

असं का होतं? कॅमेरा एका क्लिकला एकच हिशेब मांडतो. उजेडाची बाजू सांभाळली की सावली बुडते, सावली सांभाळली की कपाळ पांढरं पडतं. आताचे फोन वेगवेगळ्या उजेडाचे अनेक फोटो एकत्र करून सावली उचलतात खरी. पण मग सगळा चेहरा सारखाच उजळतो आणि गालाची गोलाई जाते. डोळ्याचं तसं नाही. कपाळावरून नजर गळ्याकडे वळली की डोळा तिथल्या उजेडाशी जुळवून घेतो आणि अंधारातले रंग दिसायला लागतात. समोर बसवून काम करणारा चित्रकार दिवसभर हेच करत असतो. उजेडात बघतो, सावलीत बघतो, आणि दोन्ही एका कॅनव्हासवर मांडतो.

कानाचंही तसंच. खिडकी मागं असली की आपल्यासारख्याच्या कानातून उजेड आरपार येतो आणि पाळी लालसर पेटते. वस्तादांचे कान कुस्तीत मोडून जाड झालेले, त्यातून उजेड येत नव्हता. ते लाकडासारखे घट्ट दिसत होते. फोटोत नुसता वेडावाकडा आकार आला होता. घट्टपणा समोरच कळला, आणि तो रंगवला नसता तर पैलवानाचा कान झाला नसता.

ज्यानं हे कधी समोर पाहिलेलंच नाही, त्याला फोटोत काय हरवलंय हेच कळत नाही. घोळ होतो तो इथं. तो फोटोतला काळा प्रामाणिकपणे उतरवतो. त्वचेच्या रंगात आयव्हरी ब्लॅक कालवतो, आणि गळा मळका दिसायला लागतो. माझं स्वतःचं सुरुवातीचं एक काम असंच एका संस्थेच्या हॉलमध्ये लागलंय. हुबेहूब आहे, आणि गळ्याभोवती काळं फडकं गुंडाळल्यासारखं दिसतं. तेव्हापासून माझ्या पॅलेटवर काळा नाही. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळला की हवा तेवढा गडद मिळतो, आणि तो उष्ण की थंड हे आपल्या हातात राहतं. शिवाय सावली पातळ लावायची आणि उजेड जाड, हा तैलरंगाचा जुना नियमही फोटो शिकवत नाही. फोटोच्या कागदावर काळा आणि पांढरा सारख्याच जाडीचे असतात, म्हणून नक्कल करणारा सगळीकडे सारखाच रंग थापतो.

म्हणजे फोटो वाईट, असं मी म्हणत नाही. कोल्हापूरच्या माणसाला तसं म्हणता येणारही नाही. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवायचे, तैलचित्रं करायचे, आणि त्यांनीच कॅमेरा स्वतः घडवला. १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला तो त्यांच्याच हातून. उजेड कळलेल्या माणसाच्या हातात कॅमेरा आणि ब्रश दोन्ही शोभतात. पण ही वाट एकाच बाजूनं चालते. समोर बसवून शंभर चेहरे केलेला माणूस फोटोवरून चांगलं पोर्ट्रेट करतो, कारण फोटोत बुडालेलं तो आठवणीतून भरतो. फोटोवरून शंभर चेहरे केलेला माणूस जिवंत माणसापुढं बसला की अडखळतो. म्हणून पोरांना माझं सांगणं आहे की प्रात्यक्षिकं नुसती बघू नका, रोज घरातल्या कुणाला तरी खिडकीशी बसवा. पहिली दोन वर्षं फोटोला हात लावू नका.

माझी निम्मी कामं गेलेल्या माणसांची असतात, तिथं फोटोशिवाय इलाजच नाही. मागच्या पावसाळ्यात एका कुटुंबानं वडिलांचा फोटो आणला. लग्नातला ग्रुप फोटो, चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, आणि तोंडावर फ्लॅश. फ्लॅशचा उजेड थेट समोरून येतो, त्यामुळे सावलीच नव्हती. चेहरा भाकरीसारखा सपाट. मी थोरल्या मुलाला म्हटलं, वडिलांची टोपी आणि शर्ट घालून तीन दिवस येऊन बसा. तो म्हणाला, "चित्र दादांचं, मी बसून काय उपयोग?" पण जबड्याचं हाड बापाचंच होतं. नाक, डोळे, ओठ फोटोतून घेतले, सावली मुलाकडून घेतली. आई बघायला आली आणि बराच वेळ गळ्याकडेच बघत राहिली. शर्टाचं वरचं बटण दादा कधी लावायचे नाहीत, ते मी लावलेलं दाखवलं होतं. ते तिनं मला उघडायला लावलं.

तेव्हा माणूस बसणं शक्यच नसेल तर निदान फोटो असा काढा: खिडकीशी बसवून, सहा फुटांवरून, फ्लॅश बंद. दोन काढा. एकदा फोनच्या पडद्यावर उजेडातल्या गालावर बोट टेकवा, एकदा सावलीतल्या गळ्यावर. आणि माणूस गेलेला असेल तर त्याचा रोजचा शर्ट, टोपी, फेटा जे जपून ठेवलं असेल ते घेऊन या. गळ्यावर उजेड परततो तो त्या शर्टावरूनच.