सहा फुटांची रेघ कुठून आली?

२४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की सहा फुटांपर्यंतच्या पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या. त्याहून उंच मूर्तींना समुद्राची वाट मोकळी राहिली. बातम्यांमध्ये हा वाद शाडू विरुद्ध पीओपी असा रंगला. मला तो मुळात उंचीचा वाटतो.

मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत बसला. तिथे आजही शाडूची लहानशी मूर्ती असते आणि ती पालखीतून विसर्जनाला जाते. उत्सव सार्वजनिक झाला म्हणून मूर्ती मोठी व्हायलाच हवी असं काही नव्हतं. ती मोठी झाली मंडळामंडळांतल्या चुरशीने. लालबाग-परळपासून खेतवाडीपर्यंत गल्लोगल्ली मंडळं झाली, देखावे वाढले, वर्गणी वाढली, आणि शेजारच्या गल्लीपेक्षा आपला बाप्पा हातभर तरी उंच हवा, ही हौस पक्की झाली.

शाडूला ही हौस झेपत नाही. माती जड, सुकायला वेळ घेणारी, त्यात मुंबईचा पाऊस. गणपतीचा कारखाना म्हणजे बहुतेकदा ताडपत्रीचा मांडव. तिथे पंधरा-वीस फुटांची मातीची मूर्ती उभी करून, तडे न जाऊ देता चौपाटीपर्यंत न्यायची म्हणजे मूर्तिकाराची परीक्षाच. पीओपी हलकं, स्वस्त आणि साच्यात झटपट घट्ट होणारं. मग घरगुती मूर्तीही त्याच साच्यांतून निघू लागल्या.

पीओपीत पाणी मिसळलं की त्याचं जिप्सम होतं, आणि जिप्सम पाण्यात अतिशय सावकाश विरघळतं. म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीला चौपाटीवर हात, सोंडा, मुकुट उघडे पडतात. ते दृश्य पाहून भाविकालाही वाईट वाटतं. रासायनिक रंगांतले शिसे, क्रोमियमसारखे जड धातू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती विरघळवण्याची पद्धत दिली. बादलीत मावणाऱ्या मूर्तीला ती चालते. मंडळाच्या मूर्तीला नाही.

नियम आले, पण अडखळत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची विसर्जनाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०१० ची. मे २०२० मध्ये सुधारित तत्त्वांत पीओपीवर बंदी आली आणि त्याच महिन्यात ती वर्षभरासाठी पुढे ढकलली गेली. त्या वर्षी कोरोनामुळे सरकारने सार्वजनिक मूर्ती चार फुटांवर आणि घरगुती मूर्ती दोन फुटांवर आणली, आणि मंडळांनी ते पाळलंही. उंची कमी होऊ शकते, हे त्या वर्षी दिसलं. साथ ओसरल्यावर त्यावर कोणी फार बोललं नाही.

ठाण्यातल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या आणि काही नागरिकांच्या याचिकेवर ३० जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बंदी काटेकोर राबवायला सांगितलं. लगेच माघी गणपती आला आणि उपनगरांतल्या काही मंडळांच्या मूर्ती विसर्जनाविना महिनोन्‌महिने झाकून ठेवाव्या लागल्या. पीओपीवर पोट असलेल्या कारागिरांचा प्रश्नही पुढे आला, आणि तो खोटा नव्हता. राज्याने डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडून अभ्यास करवून घेतला. जूनमध्ये मूर्ती घडवायला परवानगी मिळाली, नैसर्गिक पाण्यात सोडायला मात्र नाही. जुलैत सहा फुटांची रेघ आखली गेली, मार्च २०२६ पर्यंतची.

महापालिकेने २०२५ मध्ये पावणेतीनशेहून जास्त कृत्रिम तलाव केले, मूर्तिकारांना शाडू माती फुकट दिली. घरगुती गणपतींचा भार त्यामुळे समुद्रावरून बराच उतरला. पण ज्यांच्या उंचीमुळे शाडू मागे पडली, त्या मूर्तींना चौपाटी उघडी राहिली, आणि दीड फुटाची घरगुती मूर्ती तलावाच्या रांगेत.